‘फोन केला’ की ‘फोन करत होतो’? इंग्रजीतला चालू भूतकाळ नीट समजून घेऊया

हा आहे आजच्या एपिसोडचा लिखित भाग. लोकलमध्ये नेटवर्क गेलं असेल, किंवा ऐकताना एखादं उदाहरण निसटलं असेल, तर इथे थांबून वाचा. इंग्रजी वाक्यं नेहमीप्रमाणे देवनागरीतच आहेत. नुसती वाचू नका, मोठ्यानं म्हणा. शेजारचा माणूस बघेल, बघू दे.

आजचा विषय आहे पास्ट प्रोग्रेसिव्ह टेन्स. शाळेत याला पास्ट कंटिन्युअस म्हणायचे आणि मराठीत चालू किंवा अपूर्ण भूतकाळ. सगळी नावं एकाच गोष्टीची. ‘वॉज’ किंवा ‘वेअर’ आणि पुढे ‘इंग’ लावलेलं क्रियापद, संपला विषय, असं आपल्याला वाटतं. मलाही तसंच वाटायचं. एका संध्याकाळी या ‘इंग’मुळे माझी नोकरी जाता जाता राहिली, तेव्हा डोळे उघडले.

त्या रिपोर्टची गोष्ट

बारावीनंतरची माझी पहिली नोकरी भिवंडीतल्या एका गोडाऊनमध्ये होती. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. फोर्कलिफ्टवाला वरच्या रॅकवर पॅलेट चढवतो, तेव्हा खाली उभं राहून त्याला हातानं इशारे करायचे, हे माझं काम. कामाच्या वेळी फोनवर बोलायचं नाही, हा पहिला नियम. काही गडबड झाली तरच फोन काढायचा.

एक दिवस गडबड झालीच. पॅलेट वर टेकताना कलंडलं, मिक्सरची खोकी खाली आली आणि त्यातलं एक माझ्या जोडीदाराच्या पायावर पडलं. अंगठ्याचं हाड मोडलं. मी धावत जाऊन त्याला बाजूला बसवलं आणि लगेच सुपरवायझरला फोन लावला. इतकं सरळ होतं सगळं.

संध्याकाळी रिपोर्ट लिहायचा होता, आणि हेड ऑफिसला जाणार म्हणून इंग्रजीत. मी मराठी माध्यमाचा. पण ‘इंग’ लावलं की इंग्रजी जरा भारदस्त वाटतं, अशी माझी ठाम समजूत. मी लिहिलं:

‘व्हेन द बॉक्सेस फेल, आय वॉज कॉलिंग द सुपरवायझर.’

दोन दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. हातात मेमो दिला. त्यात लिहिलं होतं की अपघात झाला त्या वेळी इशारा देणारा माणूस फोनवर होता, म्हणून कामावरून बंद का करू नये, याचा खुलासा द्या. मी म्हणालो, “साहेब, मी फोनवर नव्हतो.” साहेबांनी माझाच रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. “हे तूच लिहिलंयस ना?”

मला काही कळेना. मला म्हणायचं होतं, ‘खोकी पडली तेव्हा मी फोन केला.’ आणि मी लिहिलं होतं, ‘खोकी पडली तेव्हा मी फोन करत होतो.’ म्हणजे माझं लक्ष फोनमध्ये, आणि म्हणून दुसऱ्याचा पाय मोडला. ही बातमी जोडीदाराच्या घरीही पोचली. त्याची आई दवाखान्यात माझ्याशी एक शब्द बोलली नाही. मेमोपेक्षा ते जास्त लागलं.

वाचवलं कुणी? माझ्याच फोनच्या कॉल लॉगनं. कॅमेऱ्यात खोकी पडल्याची वेळ ४ वाजून १६ मिनिटं. माझा कॉल ४ वाजून १७ मिनिटांचा. अकाउंट्समधल्या एका मॅडमनी दोन्ही वेळा शेजारी शेजारी लिहून साहेबांना दाखवल्या, आणि मग पेन घेऊन माझ्या वाक्यात एवढाच बदल केला:

‘व्हेन द बॉक्सेस फेल, आय कॉल्ड द सुपरवायझर.’

‘वॉज’ गेला, ‘इंग’ गेला, आणि माझ्यावरचा आरोपही गेला. त्या दोन दिवसांचा पगार मात्र गेला तो गेलाच. मॅडम तेव्हा जे म्हणाल्या ते मी आजही विसरलो नाही. “अरे, ‘वॉज’ आणि ‘इंग’ हे इंग्रजी सजवायला नसतं. ते लावलंस की तू समोरच्याला सांगतोस की ती गोष्ट आधीपासून चालू होती.”

आजच्या एपिसोडचं सार एवढंच आहे. बाकी आपण ते नीट उलगडून बघू.

आधी एक मिनिट रचनेसाठी

हे तुम्हाला येतंच, म्हणून पटकन. आय, ही, शी, इट यांच्यापुढे ‘वॉज’. यू, वी, दे यांच्यापुढे ‘वेअर’. यू म्हणजे एकटा माणूस असला तरी ‘वेअर’च. नकार द्यायचा तर ‘वॉझन्ट’ किंवा ‘वरन्ट’. प्रश्न विचारायचा तर वॉज किंवा वेअर उचलून पुढे आणायचं: ‘वेअर यू स्लीपिंग?’

आता उच्चार. आपण ‘वॉज’ म्हणतो, पण शेवटचा आवाज ‘झाड’मधल्या झसारखा काढा. आणि जे ‘वेअर’ आपण म्हणतो, तो खरं तर ‘कुठे’ या अर्थाच्या शब्दाचा उच्चार आहे. आपल्या शब्दाचा उच्चार ‘वर’च्या जवळ जातो, ‘टेबलावर’मधला वर. लिहिताना मी ‘वेअर’च लिहीन, नाहीतर वाचताना घोटाळा होईल. म्हणताना मात्र ‘वर’ म्हणा.

व्हॉट्सॲपवरचं ‘टायपिंग’

आता मुद्द्याचं. तुम्ही कुणाला तरी मेसेज केलाय. निळ्या टिक आल्यात. वर दिसतं, ‘टायपिंग’. तुम्ही वाट बघताय. टायपिंग दिसतं, जातं, पुन्हा दिसतं. आणि मग काहीच नाही. मेसेज आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मित्राला हे इंग्रजीत कसं सांगाल?

‘शी वॉज टायपिंग.’ बरोबर. ती टाइप करत होती. पुढे काय झालं, हे या वाक्यात नाही. पाठवला असेल, पुसला असेल, झोप लागली असेल.

‘शी टाइप्ड अ मेसेज.’ हे वेगळं. इथे काम पूर्ण झालं. मेसेज टाइप झाला.

चालू भूतकाळ म्हणजे हेच ‘टायपिंग’. काम सुरू झालंय, संपलेलं दिसत नाही, आपण मधल्या एका क्षणी आत डोकावलोय. साधा भूतकाळ म्हणजे आलेला मेसेज. पूर्ण, बंद, हातात. काळ दोन्हींचा मागचाच. फरक आहे तो काम अर्धं दाखवायचं की पूर्ण, याचा.

हा फरक किती मोठा असू शकतो? ‘अ बॉय वॉज ड्राउनिंग’ म्हणजे मुलगा बुडत होता. कुणीतरी उडी मारून त्याला वाचवलंही असेल. ‘अ बॉय ड्राउन्ड’ म्हणजे मुलगा बुडून गेला. पहिल्या वाक्यात अजून आशा आहे. दुसऱ्यात नाही.

‘व्हेन’च्या दोन बाजू

माझ्या रिपोर्टमध्ये गोंधळ झाला तो ‘व्हेन’ असलेल्या वाक्यात. तिथेच तो सगळ्यात जास्त होतो.

‘व्हेन द बॉस केम, वी स्टुड अप.’ बॉस आले, मग आम्ही उठून उभे राहिलो. एकामागून एक दोन गोष्टी.

‘व्हेन द बॉस केम, वी वेअर प्लेइंग पत्ते.’ बॉस आले तेव्हा डाव आधीच रंगात आला होता. म्हणजे आम्ही पकडले गेलो!

नियम असा धरा: ‘व्हेन’ला जोडून साधा भूतकाळ आला, आणि दुसऱ्या तुकड्यातही साधाच असला, तर बहुतेक वेळा आधी हे झालं, मग ते झालं. दुसऱ्या तुकड्यात वॉज आणि ‘इंग’ असलं, तर ते आधीपासून चालू होतं आणि मध्येच पहिली गोष्ट घडली. लांब चाललेलं काम ‘इंग’मध्ये, मध्येच टपकलेली गोष्ट साध्या भूतकाळात.

मराठीत आपण हे ‘असताना’नं सांगतो. ‘मी अंघोळ करत असताना बेल वाजली.’ इंग्रजीत यासाठी ‘व्हाईल’ वापरता येतं: ‘व्हाईल आय वॉज टेकिंग अ बाथ, द बेल रँग.’ घड्याळाची वेळ दिली तरी चालतं: ‘ॲट टेन ओ’क्लॉक, आय वॉज स्टडीइंग.’ म्हणजे १०ला सुरू केला असं नाही. १०च्या आधीच सुरू केला होता, १०लाही चालूच होता.

२ एप्रिल २०११, वानखेडे

गोष्ट सांगायची असेल तर या दोन काळांची जोडगोळी फार कामाची. ती क्लिप तर तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. शनिवारची रात्र. वर्ल्ड कप फायनल. भारताला ११ चेंडूंत ४ धावा हव्यात. आता इंग्रजीत सांगूया.

‘कुलसेकरा वॉज बोलिंग. धोनी अँड युवराज वेअर बॅटिंग. रवी शास्त्री वॉज कमेंटेटिंग. माय फादर वॉज प्रेइंग. आय वॉज स्टँडिंग ऑन अ चेअर.’

थांबा. इथवर काय झालं? काहीच घडलं नाही. सगळं चालू आहे. सगळे श्वास रोखून आहेत. हे झालं चित्र. आता:

‘धोनी हिट अ सिक्स. इंडिया वन द वर्ल्ड कप. आय फेल ऑफ द चेअर.’

हे घडलं! तीन ठोके, तीन साधे भूतकाळ. आमच्या चौकात टीव्ही लावला होता, आणि मी खरंच खुर्चीवरून पडलो होतो.

आता उलटं करून बघा. ‘धोनी वॉज हिटिंग अ सिक्स. इंडिया वॉज विनिंग द वर्ल्ड कप.’ ऐकणारा म्हणेल, बरं, मग पुढे काय झालं? जिंकले का नाही? तुम्ही कप हातात येऊ दिलाच नाही. म्हणून गोष्ट सांगताना लक्षात ठेवा: आजूबाजूचं वातावरण ‘इंग’मध्ये, घडलेली गोष्ट साध्या भूतकाळात.

आपल्या ‘होतो’चा घोळ

मग आपण चुकतो का? इंग्रजी येत नाही म्हणून नाही. आपल्या मराठीतलं ‘करत होतो’ एकटं तीन कामं करतं, आणि इंग्रजीत त्या तीन कामांना तीन वेगळे गडी आहेत. बघा:

पहिलं. ‘तुझा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.’ त्या क्षणी चालू होतं. इथे आपला टेन्स फिट: ‘आय वॉज हॅविंग डिनर व्हेन यू कॉल्ड.’

दुसरं. ‘कॉलेजला असताना मी मेसमध्ये जेवत होतो.’ इथे कुठलाही एक क्षण नाही. ही रोजची सवय आहे. मराठीत याला ‘जेवायचो’ही म्हणता येतं, आणि व्याकरणात याच अर्थाच्या ‘जेवत असे’ला रीती भूतकाळ म्हणतात. इंग्रजीत मात्र ‘आय यूज्ड टु ईट इन द मेस’ किंवा सरळ ‘आय एट इन द मेस.’ ‘आय वॉज ईटिंग इन द मेस’ म्हटलं तर ऐकणारा विचारेल, कधी? मध्येच काय झालं?

तिसरं. ‘मी त्याला ओळखत होतो.’ हे काम नाहीच, ही स्थिती आहे. ‘आय न्यू हिम.’ ‘आय वॉज नोइंग हिम’ चुकीचं.

म्हणून एक सोपी चाचणी सांगतो. तुमच्या मराठी वाक्यातल्या ‘करत होतो’च्या जागी ‘करायचो’ टाकून बघा. अर्थ तोच राहिला, तर इंग्रजीत ‘यूज्ड टु’. ‘लहानपणी आम्ही नदीवर पोहत होतो’, ‘पोहायचो’. अर्थ तोच. म्हणून ‘वी यूज्ड टु स्विम इन द रिव्हर.’ आता ‘पाऊस आला तेव्हा आम्ही पोहत होतो.’ इथे ‘पोहायचो’ टाकलं तर अर्थच बदलतो, रोज पाऊस आला की पोहायला जायचो असं होतं. म्हणजे इथे ‘वी वेअर स्विमिंग.’

उलटा घोळ: ‘बसलो होतो’

हा भाग पुस्तकात सहसा येत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

काही वेळा मराठीत ‘-त होतो’ नसतंच, तरी इंग्रजीत ‘इंग’ लागतं. ‘मी बाकावर बसलो होतो.’ शाळेत शिकवलंय की ‘-लो होतो’ म्हणजे ‘हॅड’. मग आपण म्हणतो ‘आय हॅड सॅट ऑन द बेंच.’ चूक. ‘बसत होतो’ म्हणजे बूड टेकायची क्रिया चालू होती, आणि ‘बसलो होतो’ म्हणजे आधीच बसलेल्या अवस्थेत होतो. इंग्रजी त्या अवस्थेलाही ‘सिटिंग’च म्हणतं: ‘आय वॉज सिटिंग ऑन द बेंच.’

अशी कुटुंबातली बाकीची मंडळी:

बाळ झोपलं होतं: ‘द बेबी वॉज स्लीपिंग.’
मी गेटजवळ उभा होतो: ‘आय वॉज स्टँडिंग निअर द गेट.’
आम्ही तुझ्यासाठी थांबलो होतो: ‘वी वेअर वेटिंग फॉर यू.’
तिनं पिशवी हातात धरली होती: ‘शी वॉज होल्डिंग अ बॅग.’
त्यानं लाल शर्ट घातला होता: ‘ही वॉज वेअरिंग अ रेड शर्ट.’

शेवटचं नीट पाठ करा. कुणाचं वर्णन करायचं असेल, हरवलेलं मूल असो की मोबाइल हिसकावून पळालेला चोर, हे वाक्य लागतंच. ‘ही हॅड वोर्न’ नाही, ‘ही वॉज वेअरिंग’. आणि ‘तो शर्ट घालत होता’, म्हणजे हात बाहीत होता, तर ते ‘ही वॉज पुटिंग ऑन अ शर्ट.’

ज्यांना ‘इंग’ सोसत नाही

काही क्रियापदांना ‘इंग’ सहसा चालत नाही, कारण ती कामं नाहीत, मनाच्या किंवा मालकीच्या स्थिती आहेत. माहीत असणं, हवं असणं, आवडणं, समजणं, विश्वास असणं, जवळ असणं. ‘मला माहीत होतं’ म्हणजे ‘आय न्यू’. ‘मला नोकरी हवी होती’ म्हणजे ‘आय वॉन्टेड अ जॉब.’ ‘मला सगळं समजत होतं, पण बोलता येत नव्हतं’ म्हणजे ‘आय अंडरस्टूड एव्हरीथिंग, बट आय कुडन्ट स्पीक.’ हे वाक्य आपल्यातल्या कितीतरी जणांचं आहे, निदान ते तरी बरोबर म्हणूया.

‘माझ्याकडे बाइक होती.’ ‘आय वॉज हॅविंग अ बाइक’ नाही, ‘आय हॅड अ बाइक.’ ‘मला ताप होता.’ ‘आय हॅड अ फीवर.’ पण ‘हॅव’चा अर्थ जेवणं, अंघोळ करणं असा असेल, तर ते काम झालं आणि ‘इंग’ चालतं: ‘आय वॉज हॅविंग लंच.’

‘सी’ची तर वेगळीच गंमत. ‘मी तिच्याकडे बघत होतो’ हे ‘आय वॉज लुकिंग ॲट हर.’ चुकून ‘आय वॉज सीइंग हर’ म्हणालात, तर त्याचा अर्थ होतो आमचं जमलं होतं, आम्ही डेट करत होतो. नुसतं बघितलंय आणि गावभर बातमी, असं नको व्हायला.

तुम्ही म्हणाल, मग २००३पासून मॅकडोनाल्डवाले ‘आय एम लव्हिन इट’ कसं म्हणतात? मुद्दाम म्हणतात. ‘लव्ह’ या स्थितीला त्यांनी चालू काम बनवलं, की या घासाला, या क्षणाला मजा येतेय. नियम माहीत असून मोडला की जाहिरात होते. माहीत नसताना मोडला की मेमो येतो, माझ्यासारखा!

आणि ही ‘इंग’ची हौस फक्त तुमची-माझी नाही. निसिम एझिकेल हे इंग्रजीत लिहिणारे मोठे कवी. १९२४ साली मुंबईत, बेने इस्रायली घरात जन्मले. त्यांची ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही कविता म्हणजे एका निरोप समारंभातलं भाषण आहे, आणि वक्ता जिथे तिथे ‘इंग’ लावत सुटलाय. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा खूप हसलो. मग आपला रिपोर्ट आठवला आणि हसू जरा कमी झालं.

इंटरव्ह्यूमध्ये

आता सगळ्यात कामाची जागा. ‘याआधी काय करत होता?’ असं विचारलं की आपण म्हणतो, ‘आय वॉज वर्किंग इन अ मोबाइल शॉप फॉर टू इयर्स.’ समजेल त्यांना, पण ‘दोन वर्षं’ असा पूर्ण हिशेब दिलात आणि काम संपलंय, तर ‘आय वर्क्ड इन अ मोबाइल शॉप फॉर टू इयर्स’ जास्त बरोबर आणि जास्त ठाम. तुम्ही केलेलं काम पूर्ण केलंत, ते पूर्णच दाखवा. अर्धवट का दाखवता?

‘वॉज वर्किंग’ कधी? मध्ये काही घडलं असेल तेव्हा. ‘आय वॉज वर्किंग इन पुणे व्हेन द लॉकडाऊन बिगॅन.’ पुण्यात काम चालू होतं आणि लॉकडाऊन लागला. हे चोख.

व्हॉइस नोटमधले दोन प्रश्न

साताऱ्याहून एका मैत्रिणीनं विचारलंय, “दादा, ‘मी तुला फोन करणारच होते’ हे कसं म्हणायचं?” छान प्रश्न. ‘आय वॉज गोइंग टु कॉल यू.’ इथे ‘गोइंग’ म्हणजे जाणं नाही, बेत होता. आणि हे वाक्य म्हटलं की बहुतेक वेळा तो बेत राहूनच गेलेला असतो. म्हणून बहाण्यांसाठी हे फार चालतं. ‘आय वॉज गोइंग टु स्टडी, बट...’ पुढचं तुम्हाला माहीत आहे.

दुसरा प्रश्न नांदेडच्या मित्राचा. “एचआरनं पंधरा दिवस उत्तर दिलं नाही. आठवण कशी करू, राग न येऊ देता?” मित्रा, इथे हाच टेन्स नम्रपणासाठी वापरतात. ‘आय वॉज वंडरिंग इफ देअर इज एनी अपडेट.’ विचार आत्ताच करतोयस, तरी भूतकाळात टाकला की तो मऊ होतो. मराठीत नाही का आपण म्हणत, “जरा एक विचारायचं होतं.” विचारायचं तर आत्ताच असतं, पण ‘होतं’ म्हटलं की समोरच्यावर दडपण येत नाही. अगदी तेच.

आजचा गृहपाठ

चार वाक्यं देतो. आधी स्वतः म्हणा, मग खाली उत्तरं बघा.

एक. लाइट गेली तेव्हा मी फोन चार्ज करत होतो.
दोन. शाळेत असताना मी सायकलनं जात होतो.
तीन. आजी अंगणात बसली होती.
चार. बाइक घसरली तेव्हा मी १०८ला फोन केला.

उत्तरं. एक: ‘आय वॉज चार्जिंग माय फोन व्हेन द लाइट्स वेंट आउट.’ दोन: ‘आय यूज्ड टु गो टु स्कूल बाय सायकल.’ तीन: ‘ग्रँडमदर वॉज सिटिंग इन द कोर्टयार्ड.’ चार: ‘व्हेन द बाइक स्किडेड, आय कॉल्ड वन झीरो एट.’ चौथ्यात कुणी ‘आय वॉज कॉलिंग’ म्हटलं असेल, तर त्यानं गाडी चालवताना फोनवर असल्याची कबुली दिली. वर जाऊन माझी गोष्ट पुन्हा वाचा.

आणि एक बोलायचा गृहपाठ. २४ मार्च २०२०, रात्री ८ वाजता टीव्हीवर लॉकडाऊनची घोषणा झाली. त्या क्षणी तुमच्या घरात कोण काय करत होतं? आई, बाबा, भाऊ, बहीण, तुम्ही. प्रत्येकाचं एक वाक्य, वॉज किंवा वेअर लावून. मग घोषणेनंतर कुणी काय केलं, ते साध्या भूतकाळात. मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि स्वतःचंच ऐका. लाज वाटेल पहिल्यांदा. मलाही वाटली होती.

जाता जाता. माझा तो जोडीदार दीड महिन्यात कामावर परत आला. त्याच्या आईनं नंतर मला घरी जेवायला बोलावलं. मी गेलो, तेव्हा ती चुलीसमोर बसून भाकरी करत होती. मला बघितलं, उठली, आणि माझ्यासाठी पाट मांडला.

एवढं इंग्रजीत सांगून बघा. करत होती, बघितलं, उठली, मांडला. कुठे ‘इंग’ लावायचं आणि कुठे नाही, आता तुम्हाला मला विचारायची गरज नाही.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर बोलत राहा, चुकत राहा. काळजी घ्या!